प्रकाशित झाले तेवढेच घडले काय? ‘डिडी काँग पायलट’ या रद्द खेळाचा दाखला

१/
‘जो खेळ बाजारात आलाच नाही, त्याचा कसला इतिहास?’ व्हिडिओ गेमच्या इतिहासाविषयी बोलताना हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न व्यवहारी वाटतो, परंतु त्यात एक घातक गृहीतक दडलेले आहे. विक्री हाच अस्तित्वाचा पुरावा, असे ते गृहीतक. एका विमानशर्यतीच्या खेळाची हकिगत ते खोटे ठरवते. (धागा)

२/
मे २००१. लॉस एंजेलिसमधील ई-थ्री प्रदर्शनात निन्टेंडोचे नवे हातातले खेळयंत्र, गेम बॉय ॲडव्हान्स, झळकत होते. २४० बाय १६० बिंदूंचा पडदा आणि ३२ बिटांचा प्रोसेसर. त्याच यंत्रासाठी इंग्लंडमधील ट्वायक्रॉस येथील ‘रेअर’ या कंपनीने ‘डिडी काँग पायलट’ नावाचा खेळ दाखवला.

३/
या खेळाला वंशपरंपरा होती. रेअरचाच ‘डिडी काँग रेसिंग’ हा खेळ १९९७ साली निन्टेंडो ६४ वर गाजला होता आणि त्यात मोटारींबरोबर विमानेही होती. ‘पायलट’मध्ये विमानांनाच मुख्य स्थान मिळाले. यंत्र हातात धरून कलवले की विमान वळावे, अशीही योजना होती. आज प्रत्येक मोबाइलमध्ये सहज सापडणारी ही गोष्ट त्या काळी हातातल्या खेळयंत्रांवर अपवादानेच दिसे.

४/
त्या यंत्राला खरी त्रिमिती झेपत नसे. म्हणून जमिनीचा एकच सपाट पट फिरवून, लहानमोठा करून खोलीचा आभास निर्माण केला जाई. त्याच वर्षी आलेल्या ‘मारिओ कार्ट : सुपर सर्किट’नेही हीच युक्ती वापरली. जमिनीवरून धावणाऱ्या गाडीला ती पुरते. पण विमानाला उंची लागते. सपाट पटावर उंची भासवणे, हा या खेळापुढचा खरा तांत्रिक पेच होता.

५/
काम रेंगाळले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु घाव बसला तो भलतीकडून. २४ सप्टेंबर २००२ रोजी मायक्रोसॉफ्टने रेअर ही कंपनी ३७.५ कोटी डॉलरांना विकत घेतल्याचे जाहीर झाले. निन्टेंडोकडे असलेला ४९ टक्के हिस्साही या व्यवहारात गेला. कंपनी मायक्रोसॉफ्टची झाली. डिडी काँग आणि त्याचे गोत मात्र निन्टेंडोकडेच राहिले.

६/
त्या एका सहीने खेळाचे दोन तुकडे झाले. धावपट्ट्या, गणिते आणि प्रोग्राम एकीकडे, नायक दुसरीकडे. खेळ वाईट होता म्हणून तो मेला नाही, प्रेक्षकांनी नाकारला म्हणूनही नाही. पात्रांची मालकी आणि श्रमांची मालकी वेगवेगळ्या घरांत गेली, म्हणून तो मेला. ‘रद्द’ हा शब्द हे कारण झाकून टाकतो. तो ऐकताच दोष कारागिरांचा असावा, असा ग्रह होतो.

७/
पुढची हकिगत अधिक बोलकी आहे. मायक्रोसॉफ्टकडे हातातले खेळयंत्रच नव्हते. त्यामुळे रेअर प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रासाठी खेळ करीत राहिली आणि टीएचक्यू ही कंपनी ते प्रकाशित करू लागली. डिडीच्या जागी रेअरचे स्वतःचे अस्वल, बॅन्जो, विमानात बसले. मधल्या काळात व्हॉक्सेल पद्धतीने उंचसखल भूप्रदेश रचण्याचा प्रयत्न झाला. तो सोडून सपाट पटाकडे परतावे लागले. जानेवारी २००५ मध्ये ‘बॅन्जो-पायलट’ बाजारात आला.

८/
आता केवळ प्रकाशित वस्तूवर विसंबणारा इतिहासकार काय लिहील? ‘२००५ साली रेअरने बॅन्जोचा एक विमानशर्यतीचा खेळ काढला; तो काळाच्या मागे होता.’ वाक्यातील प्रत्येक शब्द खरा आणि निष्कर्ष दिशाभूल करणारा. नोव्हेंबर २००४ मध्ये निन्टेंडो डीएस अमेरिकेत आले होते, डिसेंबरमध्ये जपानात पीएसपी आले. २००१ च्या कल्पनेची तुलना २००५ च्या यंत्रांशी होत होती, आणि हे २००१ चा खेळ ठाऊक असल्याखेरीज उमगत नाही.

९/
हे उदाहरण एकाकी नाही. रेअरने त्याच २००१ च्या प्रदर्शनात दाखवलेला ‘डाँकी काँग कोकोनट क्रॅकर्स’ हा कोड्यांचा खेळही असाच मुखवटा बदलून ‘इट्स मिस्टर पँट्स’ या नावाने आला. ‘डायनोसॉर प्लॅनेट’ हा निन्टेंडो ६४ साठीचा खेळ ‘स्टार फॉक्स अॅडव्हेंचर्स’ होऊन २००२ साली प्रकट झाला. छापील यादीत फक्त दुसरी नावे सापडतात.

१०/
मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला बखर आणि अस्सल कागद यांतील भेद शिकवावा लागत नाही. बखर घटनेनंतर, धन्याच्या सोयीने लिहिली जाते. अस्सल कागद घटना चालू असतानाच जन्मतो. कंपनीची जाहिरात, वर्धापनदिनाचा गौरवग्रंथ आणि नव्याने सजवलेली आवृत्ती ही बखर. अर्धवट खेळाची चाचणी-प्रत हा अस्सल कागद. त्यात खाडाखोड दिसते, सोडून दिलेली वाट दिसते, मत बदलल्याची खूण दिसते.

११/
‘डिडी काँग पायलट’चा हा अस्सल कागद उजेडात कसा आला? मालकांनी तो अभ्यासकांच्या स्वाधीन केला नाही. २०११ साली खेळता येण्याजोगी प्रत महाजालावर फुटली, तेव्हा प्रदर्शनाबाहेरच्या लोकांना तो खेळून पाहता आला. ‘डायनोसॉर प्लॅनेट’ची प्रत २०२१ साली एका संग्रहप्रेमी गटाने खुली केली. एका संपूर्ण कलाप्रकाराची साधने अशी चोरवाटेने हाती यावीत, याची लाज कोणाला वाटायला हवी? वाचणाऱ्याला की दडवणाऱ्याला?

१२/
‘मालमत्ता ज्याची, निर्णय त्याचा’ हा प्रतिवाद दुबळा नाही. अपुरे काम चव्हाट्यावर येऊ नये, अशी निर्मात्याची इच्छा असू शकते, आणि फुटलेल्या प्रतीने नुकसान होऊ शकते. पण हा युक्तिवाद विक्रीला आलेल्या किंवा येऊ घातलेल्या वस्तूला लागू पडतो. जी वस्तू कधीच विकली जाणार नाही आणि दोन मालकांच्या भांडवली वाटणीमुळे विकताही येणार नाही, तिच्यावरचे कुलूप कोणाचे रक्षण करते?

१३/
शिवाय प्रकाशित खेळांची तरी काय अवस्था आहे? २०२३ साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या पाहणीत आढळले, की अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दुरून उपलब्ध करून द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. पुस्तकासाठी ग्रंथालय हवे, हे सर्वांना मान्य. खेळाचे ग्रंथालय म्हटले की मालकांना मौजमजेची भीती वाटते.

१४/
फ्रान्समध्ये १९९२ च्या कायद्यापासून प्रकाशित व्हिडिओ गेमची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होते. दिशा हीच आहे. ती एक पाऊल पुढे न्यावी लागेल. सोडून दिलेल्या खेळाची प्रत ठरावीक वर्षांनंतर सार्वजनिक संग्रहालयात जमा करणे मालकांवर बंधनकारक असावे. विक्रीचा हक्क मालकाकडे राहो. अभ्यासाचा हक्क समाजाकडे यावा. चाचणी-काडतुसांमधील स्मृती कागदाप्रमाणे शतके टिकत नाही. तिच्यातील विद्युतभार हळूहळू ओसरतो आणि लिहिलेले पुसले जाते.

१५/
म्हणून ‘न आलेल्या खेळाचा कसला इतिहास’ असे कोणी विचारले, तर उलट विचारावे : आलेल्या खेळाचा इतिहास त्यावाचून लिहून दाखवा. ‘बॅन्जो-पायलट’च्या प्रत्येक वळणावर एक माकड विमान उडवीत होते. त्याचे नाव पुसले गेले. ते नाव परत लिहिणे म्हणजे स्मरणरंजन नव्हे. साधनशुचिता पाळणाऱ्या इतिहासलेखनाचे ते किमान कर्तव्य आहे.