ट्रेलर फुटावर नव्हे, वजनावर घ्या

कोकण किनाऱ्यावर फायबरच्या लहान होड्या मासेमारीला आणि पर्यटकांनाही लागतात. होडी रस्त्याने न्यायची तर ट्रेलर हवा. गिऱ्हाईक वर्कशॉपमध्ये येऊन विचारते, "सोळा फुटी होडी आहे, ट्रेलर कितीला पडेल?" कारागीरही भाव सांगून मोकळा होतो. माझ्या मते सौदा इथेच बिघडतो.

आम्ही कापडवाले गाठीचे वजन धरताना बारदान वजा करतो. तोच हिशेब येथे लावावा. समजा, मोकळी होडी ३५० किलो, इंजिन ६०, पन्नास लिटर पेट्रोल सुमारे ३७ आणि जाळी, नांगर, बॅटरी, बर्फाची पेटी मिळून ८०. एकूण ५२७ किलो झाले. आता "७०० किलोचा" म्हणून विकलेला ट्रेलर पुरेल का? त्या आकड्यात ट्रेलरचे स्वतःचे २०० किलो धरलेले असतील, तर होडीला उरले ५००. म्हणजे पहिल्या दिवसापासून टायर आणि धुरा जादा भाराखाली! म्हणून आकडा निव्वळ की एकूण, हे आधी विचारावे. वर शंभर किलोची तरी सवड ठेवावी. शंका असल्यास भरलेली होडी धर्मकाट्यावर नेऊन तोलावी.

लांबीही पाहावी लागते, पण ती आधारासाठी. होडीचा मागचा भाग, जेथे इंजिन बसते, ट्रेलरच्या आधारावर पूर्ण टेकला पाहिजे. तो बाहेर लोंबला तर तळ वाकतो. भार मागे गेला तर ट्रेलर रस्त्यावर हेलकावे खातो. फार पुढे आला तर गाडीची मागची बाजू दबते आणि स्टिअरिंग हलके पडते. एकूण भाराचा साधारण पाच ते दहा टक्के भाग जोडणीवर यावा. गरजेपेक्षा फार मोठा ट्रेलरही नको. त्याचे जास्तीचे वजन ओढणाऱ्या गाडीवर पडते. गाडीला किती भार ओढता येतो, तेही तिच्या पुस्तकात पाहावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलरचीही नोंदणी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड ₹२०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला ₹२,००० झाला आहे. पण दंड भरून सुटता येते. घाटात सुटलेला ट्रेलर मागून येणाऱ्याच्या जिवावर उठतो.

म्हणून कारागीर बांधवांना विनंती आहे की, भाव सांगण्यापूर्वी वजन विचारा आणि बिलावर क्षमता स्पष्ट लिहा. एखादे गिऱ्हाईक स्वस्ताकडे जाईल, जाऊ द्या. धंदा एतबारावर चालतो.