विश्लेषण : तुरीतला भुंगा कडुनिंबाने थांबतो का?

भाव वाढेल या आशेने लातूर, नांदेडचे शेतकरी तूर-हरभरा घरात साठवतात; पण भुंगा लागला की बाजारात दर पडतो. ही कीड बहुधा शेतातूनच येते. मादी शेंगांवर, दाण्यांवर अंडी घालते आणि अळी दाणा आतून पोखरते.

निंबोळी पावडर किंवा वेखंडामुळे भुंगे दूर राहतात. किलोमागे ५ मिलि खाद्यतेल चोळल्यास बरीच अंडी उबत नाहीत. मात्र दाण्यात शिरलेली अळी यातून वाचू शकते. त्यामुळे धान्य कडक उन्हात वाळवून, कीड लागण्यापूर्वीच हे उपाय करावेत.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात वापरणे जीवघेणे ठरते. त्यांतून विषारी फॉस्फिन वायू निघतो. म्हणूनच त्यांच्या वापरावर तज्ज्ञांच्या देखरेखीचे बंधन आहे.