उपकार नव्हे, वाटा!

वाशी-नेरूळकडच्या घरांमध्ये हल्ली दोन वाक्यं वारंवार ऐकू येतात. 'आमचा मुलगा जर्मनीला गेला' हे एक, आणि 'आम्ही मुलीला जर्मनीला पाठवलं' हे दुसरं. मुलगा जातो, मुलीला पाठवतात. क्रियापदातला हा फरक उगाच आलेला नाही. मुलीच्या बाबतीत 'पाठवणी' हा शब्द आपल्या घरांना फार जुना आणि ओळखीचा आहे. सासर असो की विद्यापीठ, ती स्वतःहून कुठे जात नाही. कुणीतरी तिला पाठवतं आणि दोरी पाठवणाऱ्याच्या हातात राहते.

परदेशी शिकणं ही मूठभर सुखवस्तू घरांची गोष्ट, स्त्रीचळवळीला तिचं काय, असं काही मैत्रिणी विचारतील. पण ही मूठ आता तेवढी लहान राहिलेली नाही. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात एकट्या जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या त्यांचीच होती. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाही, त्यामुळे साध्या नोकरदारांची आणि आपल्याकडच्या प्रकल्पग्रस्त आगरी-कोळ्यांची घरंही या वाटेकडे बघू लागली आहेत. शिवाय मुलीच्या शिक्षणाला लागणारा पैसा कुणाचा, हा प्रश्न बालवाडीपासूनचा आहे. परदेशाच्या वेळी रक्कम मोठी होते आणि तो उघडा पडतो, इतकंच.

तिथला दिवस, इथली नजर

आधी तिथलं रोजचं जगणं पाहू. व्हिसा मिळण्यासाठी विद्यार्थ्याच्या नावाने एका खात्यात वर्षभराचा खर्च आगाऊ भरून ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो झाली, म्हणजे अकरा-बारा लाख रुपये. त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. खोलीचं भाडं, आरोग्यविमा, किराणा, सगळं त्यातच भागवायचं. बर्लिनसारख्या शहरात निम्मे पैसे भाड्यातच जातात. वसतिगृहात जागा मिळायला महिनोन् महिने लागतात, म्हणून तिघीचौघी किंवा मुलं-मुली मिळून एक घर घेतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. कुणी कधी काय घासायचं याचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो आणि त्यातून मुलगे सुटत नाहीत. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच पिशव्या वाहायच्या. रिकाम्या बाटल्या दुकानात परत करून पंचवीस-पंचवीस सेंट सोडवून घ्यायचे. मार्च २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस कमावता येतं. मग सकाळी वर्ग, संध्याकाळी बेकरीत नाहीतर हॉटेलात भांड्यांपाशी उभं राहायचं आणि रात्री अभ्यास.

हे कष्ट मुलाला आहेत तसेच मुलीलाही आहेत. फरक पडतो तो घरून निघताना आणि घरून फोन येतो तेव्हा. मुलाच्या बॅगेत लाडू-चिवडा भरतात, मुलीच्या बॅगेत कुकर आणि मिसळणाचा डबा. हिवाळ्यात तिथे संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा इथे रात्रीचे दहा झालेले असतात. त्या वेळच्या फोनवर मुलाला विचारतात, 'जेवलास का रे?' मुलीला विचारतात, 'काय केलंस जेवायला? आहेस कुठे? मागे कुणाचा आवाज येतोय? जरा कॅमेरा फिरव बघू.' मुलगा वरण-भात शिकला की ती नातेवाइकांत सांगायची गोष्ट होते. 'बिचारा सगळं हाताने करतो हो!' मुलगी पाच वर्षं हाताने करत असली तरी तिला बिचारी कुणी म्हणत नाही. आणि बर्लिनमध्ये पाळीने न्हाणीघर घासणारा हाच मुलगा सुट्टीत ऐरोलीला आला की जेवलेलं ताटही उचलत नाही. म्हणजे पुरुषांना घरकाम जमत नाही, हे खोटंच. आई आणि बहीण दिसल्या की हात आपोआप थांबतात, हे खरं.

युरोप म्हणजे बायकांचा स्वर्ग, असं कुणी समजू नये. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत घर सांभाळणं ही कायद्यानेच बायकोची जबाबदारी होती. संसाराला बाधा येणार नसेल तरच तिने बाहेर नोकरी करावी, असं तिथल्या कायद्यात लिहिलेलं होतं. २०२४ सालीही तिथे बाईची तासाची सरासरी कमाई पुरुषापेक्षा १६ टक्क्यांनी कमी होती. बर्लिनमध्ये २०१९ पासून ८ मार्चला सार्वजनिक सुट्टी असते, ती काही कुणाच्या कृपेने मिळालेली नाही. जे मिळालं ते तिथल्या बायकांनी भांडून मिळवलं. म्हणून आपल्या मुलीने तिथून 'मोकळं वातावरण' आणावं असं मी म्हणत नाही. भांडायचं कसं, एवढं शिकून आली तरी पुष्कळ झालं.

देणाऱ्याचा हात

शिकण्याच्या बदल्यात आज्ञाधारकपणा मागायची रीत जुनी आहे आणि ती फक्त आपल्याच घरांत आहे असंही नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहायचं आणि बदल्यात त्यांना मराठी शिकवायचं, असा रोखठोक व्यवहार ठरला होता. तरीही रमाबाईंच्या शाकाहारावरून आणि धर्माबद्दलच्या प्रश्नांवरून त्यांना अहंकारी ठरवलं गेलं. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा प्रश्न आला, तेव्हा इथल्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानातल्या बाईची कीर्ती त्याने मलिन होईल म्हणे! रमाबाईंनी पत्रांतून परखड उत्तरं दिली. आपल्या सदसद्विवेकावर दुसऱ्या कुणाचा ताबा चालू देणार नाही, अशीच त्यांची भूमिका राहिली. ती पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली छापली आहेत. प्रत्येक गटाने मिळवून एकत्र वाचावीत.

दुसरं उदाहरण तर आपल्या सुधारकांच्या घरातलंच आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला डॉक्टरेटसाठी निघाल्या, तेव्हा सासरे धोंडो केशव कर्वे यांचा विरोध होता. होय, तेच महर्षी कर्वे! विधवांना आणि मुलींना शिकवण्यात ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांनाही घरातली सून इतक्या लांब जाणं पटेना. नवरा दिनकर कर्वे पाठीशी उभा राहिला आणि जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन इरावती गेल्या. तिथे ऑयगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम होतं. गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व कवटीच्या मापात सापडेल अशी त्याची अपेक्षा होती. इरावतींनी कवट्या मोजल्या आणि मापं असं काही सांगत नाहीत, हे प्रबंधात लिहून १९३० साली डॉक्टरेट घेतली. परक्या शहरात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हातात त्यालाच 'तुमचं चुकतं आहे' असं सांगायचं! घरच्यांच्या उपकाराखाली दबलेल्या मुलीला हे कितपत जमलं असतं? कर्ज फेडता येतं, मैत्रिणींनो. उपकार फेडून संपत नाही.

जमीन कुणाच्या नावावर?

आता आपल्या नवी मुंबईकडे येऊ. परदेशी शिक्षणासाठी बँकेकडे गेलं की काही नावाजलेली विद्यापीठं सोडली तर साधारण साडेसात लाखांच्या पुढच्या कर्जाला तारण लागतं. तारण म्हणजे घर नाहीतर जमीन. ती कुणाच्या नावावर असते? बापाच्या, काकाच्या, भावाच्या. आईचंही नाव बहुतेक वेळा नसतं. म्हणजे मुलीने परीक्षेत गुण कितीही मिळवले, तरी तिच्या शिक्षणाची चावी घरातल्या पुरुषाच्या सहीत आहे. मुलासाठी ही सही न मागता होते. मुलीसाठी बैठक बसते. 'परत येशील ना?', 'तिकडेच कुणाशी जमवणार नाहीस ना?', 'दोन वर्षांनी आम्ही म्हणू तिथे लग्न करशील ना?' अशी वचनं घेतली जातात आणि मग सही होते. वर ऐकवलं जातं, 'तुझ्या लग्नाचे पैसे यातच गेले असं समज.'

प्रकल्पग्रस्तांच्या घरात हे आणखी टोकदार होतं. सिडकोच्या या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या ९५ गावांची जमीन गेली. मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानच्या लढ्यात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यात बायका मागे नव्हत्या. त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. विमानतळासाठी दहा गावं उठली, तिथे साडेबावीस टक्के ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये त्या विमानतळावरून विमानंही उडू लागली. शेतात चिखल तुडवला बायकांनी, मासळीच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या बायकांनी. पण वाटणीची वेळ आली की किती घरांत बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या गेल्या! 'भावाशी संबंध ठेवायचेत ना? माहेर हवंय ना?' एवढं म्हटलं की पुरतं. भूखंड बिल्डरला जातो आणि त्या पैशातून भाऊ परदेशी जातो. मुलीने शिकायचं नाव काढलं की तिला सांगतात, 'आपल्याकडे पैसे कुठे आहेत?'

पैसे होते. त्यात तिचा वाटाही होता. महाराष्ट्राने १९९४ सालीच लग्न न झालेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो लग्न झालेल्यांनाही मिळाला. हा हक्क जन्मानेच येतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असायची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे आता कायद्याला दोष देण्यात अर्थ नाही. अडचण आहे ती आपल्या ओसरीवर.

म्हणून मुलीला परदेशी शिकवणाऱ्या घरांना माझं सरळ सांगणं आहे. तुम्ही उपकार केलेला नाही. तिचा वाटा तिला दिलात, तोही बहुधा पूर्ण नाही. तेव्हा त्या बदल्यात तिचं लग्न, तिची रात्र, तिच्या फोनचा कॅमेरा मागायचा तुम्हाला हक्क नाही.

आपण काय करायचं?

आपल्या गटांनी काही गोष्टी लगेच हाती घ्याव्यात. मुलगा आणि मुलगी यांच्या शिक्षणावर झालेला खर्च घराघरांत शेजारी शेजारी मांडून लिहून काढावा. आकडे खोटं बोलत नाहीत. हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येकीने गटात येऊन कागद वाचून घ्यावा. घराच्या कागदावर आईचं नाव लागलंच पाहिजे असा आग्रह धरावा. सरकारकडेही आपली मागणी आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ती मिळालेल्या मुलीला घरात कुणापुढे हात जोडावे लागत नाहीत. अशा सगळ्या शिष्यवृत्त्यांत निम्म्या जागा मुलींच्या असाव्यात, आणि मुलीला मालमत्तेच्या तारणाशिवाय कर्ज मिळावं.

आणि ज्या मुली आज तिथे आहेत त्यांना एवढंच सांगायचं आहे. भाड्याची पावती तुमच्या नावावर आहे, खोलीची किल्ली तुमच्या हातात आहे. घरून फोन आला की मायेने बोला, पण कॅमेरा फिरवू नका. आणि घरातल्या वाटणीचा विषय निघाला की लाजू नका. आपला वाटा मोजून मागा.