बाटलीवरचें नांव

शॅम्पेनविषयीं मराठी मासिकांत कशाला लिहावें, असें कोणी सोंवळेपणानें विचारील. आमचें उत्तर असें कीं, आम्ही येथें पिण्याचा नव्हे, पिकविण्याचा प्रश्न मांडीत आहों. आणि तो ज्याचे श्रम त्याला नांव मिळण्याचा, म्हणजे न्यायाचा प्रश्न आहे.

फ्रान्समधील शॅम्पेन प्रांतांत सुमारें ३४,००० हेक्टर द्राक्षमळे आहेत. त्यांतील जवळजवळ नव्वद टक्के जमीन शेतकरी कुटुंबांची. परंतु बहुतेक बाटल्यांवर नांव झळकतें तें बड्या पेढ्यांचें! प्रांतातले व्यापारी परप्रांतांतील वाइन आणून तिलाच शॅम्पेन म्हणवितात, असा रोष १९१० च्या बुडालेल्या पिकानंतर भडकला, आणि १९११ च्या एप्रिलांत आय गांवीं कांहीं पेढ्यांस आगी लागल्या. जाळपोळीचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण प्रांताच्या सीमेचा तंटा मिटण्यास १९२७ चा कायदा उजाडावा लागला, हें विसरूं नये.

द्राक्षें पेढीस विकलीं तर पैसा लौकर हातीं येतो. स्वतः शॅम्पेन करावयाची तर वाइन बाटलींत दुसऱ्यांदा आंबवावी लागते, आणि ती बाटली कायद्यानें निदान १५ महिने तळघरांत पडून राहते. तितके दिवस भांडवल अडकवून घेणाऱ्या कुटुंबाच्या बाटलीवर ‘आर. एम.’ हीं दोन अक्षरें असतात. अर्थ एवढाच, कीं पिकविणारा व करणारा एकच. पण तीं इतकीं बारीक, कीं भिंग घेऊन शोधावीं!

पेढीवाले म्हणतात, अनेक गांवांच्या व सालांच्या वाइन मिसळल्यानेंच एकसारखी चव राखतां येते. खरें आहे, ती कलाहि थोर आहे. पण एकसारखेपणा हाच परमगुण असेल, तर देवगडचा व रत्नागिरीचा हापूस एका पातेल्यांत कालवून विकणेंच शहाणपणाचें ठरेल! आव्हीझ गांवच्या सेलॉस घराण्यानें एकेका शिवाराची वाइन निराळी ठेवून मातीमातींतला फरक जगाला दाखविला. ‘आर. एम.’ म्हणजे उत्तमतेची हमी, असें आम्ही म्हणत नाहीं. लहान घराणींहि वाईट वाइन करतात. पण बरें वा वाईट, तें कोणाचें, हें ग्राहकास कळलेंच पाहिजे. म्हणून तीं अक्षरें व गांवाचें नांव पेढीच्या नांवाइतकेंच ठळक छापावें, ही आमची मागणी.

आणि ती दूरदेशींची म्हणून सोडून देतां येत नाहीं. नाशिककडेहि आतां फसफसणारी वाइन होते, आणि तेथेंहि अनेक शेतकरी करारानें कारखान्यास द्राक्षें पुरवितात. त्यांच्या गांवाचें नांव बाटलीवर कोठें आहे, हें वाचकांनीं एकदां शोधून पहावें.