पाटी लावू देणे म्हणजे जामीन राहणे

शिरूर काय आणि दौंड काय, पाऊस उघडला की मैदानावर स्पर्धा सुरू होतात. बहुतेक टेनिस चेंडूच्या क्रिकेटच्या, कुठे कुठे फुटबॉलच्याही. मंडळाची मुले पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरतात. पूर्वी ती वर्गणी मागत. आता विचारतात, ‘चाचा, चषकाला तुमच्या दुकानाचे नाव देऊ का?’ म्हणजे वर्गणीचा आता सौदा झाला आहे. सौदा करण्यात काही गैर नाही. पण सौदा म्हटला की देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही हिशेब पाहिला पाहिजे. तो पाहिला जात नाही, म्हणून हा लेख.

मैदानाला नाव देऊन मोबदला घेणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ साली झाले. समुद्र हटवून तयार केलेली जमीन क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला मिळाली आणि मैदानाला त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांचे नाव लागले. तेव्हा माणसाचे नाव लागत असे, आता कंपनीचे लागते. लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबने २००४ साली एमिरेट्स या विमान कंपनीशी करार केला. मैदानाचे नाव १५ वर्षे आणि खेळाडूंच्या सदऱ्यावरची जाहिरात मिळून सुमारे १० कोटी पौंडांचा तो सौदा होता. २००६ साली नवे मैदान उघडले तेव्हा पहिल्या दिवसापासून ते त्याच नावाने ओळखले गेले. क्लबला पैसा मिळाला, कंपनीला नाव मिळाले, कोणाची तक्रार राहिली नाही.

पण सगळे सौदे असे पार पडत नाहीत. दूरचे कशाला, आपल्या पुणे जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने गहुंजे येथे मोठे मैदान बांधले. २०१२ साली उद्घाटन झाले तेव्हा त्याचे नाव होते ‘सुब्रत रॉय सहारा स्टेडियम’. या नावासाठी सहारा समूहाने सुमारे २०० कोटी रुपये द्यायचे ठरले होते. त्या वेळी सहाराचा दबदबा मोठा होता. भारतीय संघाच्या सदऱ्यावर २००१ पासून त्यांचेच नाव होते. २०१० साली त्यांनी पुण्याचा आयपीएल संघ ३७ कोटी डॉलरला घेतला होता. असा गिऱ्हाईक दारात आला की कोणाचेही डोळे दिपतील.

पुढे काय झाले? ठरलेल्या रकमेतला मोठा भाग आलाच नाही. २०१३ साली असोसिएशनला आपल्याच मैदानावरचे नाव झाकावे लागले, प्रकरण कोर्टात गेले आणि शेवटी नाव उतरले. मैदान बांधण्यासाठी काढलेले कर्ज मात्र तसेच राहिले. हप्ते थकले म्हणून २०१८ साली बँकांनी मैदानाचा कागदोपत्री ताबा घेतला. मैदान आज चालू आहे, २०२३ च्या विश्वचषकाचे सामनेही तेथे झाले. पण उधारीवर नाव विकले की काय होते, ते जिल्ह्याने पाहिले.

ही झाली विकणाऱ्याची बाजू. मला जास्त बोलायचे आहे ते तिसऱ्या माणसाविषयी, म्हणजे पाटी वाचणाऱ्याविषयी. सहाराच्या दोन कंपन्यांनी लोकांकडून घेतलेले पैसे परत करावेत, असा आदेश सेबीने जून २०११ मध्येच काढला होता. मैदानाचे उद्घाटन त्यानंतरचे. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच आदेश कायम केला. रक्कम २४ हजार कोटींच्या वर, आणि देणेकरी सांगितले गेले तीन कोटींच्या आसपास. सहाराचे एजंट गावोगाव फिरत. त्यांच्याकडे पैसे ठेवणाऱ्यांत शिलाई करणारे, हातगाडीवाले, रोजावर जाणारे असे लोक फार होते. सहाराच्या सहकारी संस्थांमध्ये अडकलेल्यांसाठी सरकारने अर्ज घेणे सुरू केले ते जुलै २०२३ मध्ये.

आता विचार करा. ज्याला ताळेबंद वाचता येत नाही, तो माणूस कशावर विश्वास ठेवतो? जे नाव देशाच्या संघाच्या छातीवर आहे, एवढ्या मोठ्या मैदानावर आहे, ते बुडवे कसे असेल, असे तो मनाशी म्हणतो. मैदानाच्या मालकाने त्याला पैसे ठेवायला सांगितलेले नसते हे खरे. पण पाटीने सांगितलेले असते.

कापडवाल्याला हे वेगळे सांगायला नको. ताग्याच्या काठावर गिरणीची छाप असते. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या अनेक गिरण्या थंडावल्या आणि काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेले. बराच माल बाहेर विणला गेला आणि छाप गिरणीची लागली. गिऱ्हाईक छाप पाहून कापड घेई. रंग गेला तर ते विणकराला शोधायला भिवंडीला जात नसे, ते आमच्या गल्ल्यासमोर येऊन उभे राही. ज्याने आपले नाव दिले आणि ज्याने ते दुकानात मांडले, ते दोघेही त्या मालाला जामीन असतात. मैदानाची पाटी याहून निराळी नाही.

अमेरिकेतही हेच घडले. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे एन्रॉन हे नाव आपल्याला चांगले ठाऊक आहे. या कंपनीने ह्यूस्टन शहरातल्या बेसबॉल मैदानाला ३० वर्षांसाठी आपले नाव लावले होते. करार सुमारे १० कोटी डॉलरचा. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळे काढले, आणि ते नाव उतरवून घेण्यासाठी क्लबला उलट २१ लाख डॉलर मोजावे लागले. इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबची गोष्ट जरा वेगळी. २०११ साली मालकाने सेंट जेम्स पार्क हे जुने नाव काढून आपल्याच दुकानांच्या कंपनीचे नाव लावले. लोक चिडले. पुढच्याच वर्षी जबर व्याजाने पैसे देणारी वोंगा नावाची कंपनी आली आणि तिने जुने नाव परत देऊन लोकांची मर्जी मिळवली. २०१८ साली ती वोंगाही बुडाली.

म्हणून क्लबांनी नाव विकूच नये असे मी म्हणत नाही. मैदान राखायला, चेंडू-जाळी आणायला, मुलांना परगावी न्यायला पैसा लागतो. तो आकाशातून पडत नाही. पण आपण ज्या सावधगिरीने उधार माल देतो तीच येथे ठेवावी.

मंडळांनी एवढे पाळावे. आधी रक्कम, मग पाटी. मुदत एका हंगामाची, फार तर दोन. देणाऱ्याचे नाव खराब झाले तर आपल्या अधिकारात पाटी उतरवता येईल, हे कागदावर लिहून घ्यावे. गावाने ठेवलेले जुने नाव पुसू नये. हवे तर नवे नाव त्याच्या खाली लावावे. आणि ठेवी गोळा करणारे, पैसे दुप्पट करून देणारे, भिशी चालवणारे किंवा व्याजाने पैसे फिरवणारे यांना कितीही रक्कम देत असले तरी चषकाला नाव देऊ नये. ज्या मुलाने तो चषक जिंकला त्याचाच बाप उद्या तेथे पैसे ठेवायला जाईल.

व्यापारी बंधूंनीही हिशेब करावा. चषकाला ५ हजार रुपये दिले आणि धंद्यात शंभरामागे १० सुटत असतील, तर ती रक्कम भरून यायला ५० हजारांची जादा विक्री लागते. तेवढे नवे गिऱ्हाईक त्या मैदानावरून येणार नसेल तर ती जाहिरात नव्हे, मदत आहे. मदत जरूर करावी, पण मदत म्हणूनच वहीत लिहावी. आणि नाव द्यायचेच असेल तर त्या वर्षी दुकानातला माल आणि बोलणे दोन्ही चोख ठेवावे. कारण पाटीवर नाव आपले असले तरी त्याला जामीन सारे मंडळ राहिलेले असते.