‘मेलडी आमची, हार्मनी त्यांची’ : एका सोयीस्कर समजाविषयी

पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य दरवर्षी आमच्या भेटीस येते. प्रश्न संतकाव्याच्या गेयतेवर असो की मर्ढेकरांच्या लयविचारावर, कोठेतरी ते डोकावतेच : भारतीय संगीत मेलडीप्रधान, म्हणून अंतर्मुख व आध्यात्मिक, पाश्चात्य संगीत हार्मनीप्रधान, म्हणून बहिर्मुख व भौतिक. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हे वाक्य त्यांना आम्हीच, म्हणजे आमच्या व्यवसायबंधूंनी, वर्षानुवर्षे लिहून दिले आहे. चर्चासत्रांतील निबंधांतही ते निःशंकपणे वावरते. ते अर्धसत्य आहे, आणि साहित्याच्या अध्यापनात त्याने नुकसान केले आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी मूलभूत घटकांविषयी. नाद, त्याची उंची, त्याचा कालावधी, त्याची तीव्रता आणि त्याचा रंग. स्वरांच्या अनुक्रमातून घडणारी रेषा. कालाच्या विभागणीतून घडणारी लय. आणि एकाच वेळी किती रेषा चालतात यावरून ठरणारा पोत. हे घटक कोणत्याही एका संस्कृतीच्या मालकीचे नाहीत. तार निम्मी केली की वरचा षड्ज मिळतो, तीनास दोन या प्रमाणात पंचम मिळतो आणि चारास तीन या प्रमाणात मध्यम. हे पायथागोरसच्या परंपरेला ठाऊक होते; आणि नऊ व तेरा श्रुतींच्या अंतरावरील स्वरांना संवादी म्हणणाऱ्या भरतालाही मध्यम-पंचमाचे हेच नाते ऐकू येत होते. या सामायिक द्रव्यातून कोणी काय निवडले आणि कोणत्या कारणाने, हा इतिहासाचा प्रश्न आहे. तो ‘प्रकृती’चा प्रश्न करून टाकला की विचार थांबतो.

आता तो इतिहास पाहू. युरोपीय संगीताची जी सर्वांत जुनी, मोठी आणि आजही गायली जाणारी ठेव आहे, ती ग्रेगोरियन गान होय. हे गान पूर्णपणे एकरेषीय आहे. त्यात हार्मनी नाही, ठेका नाही, वाद्य नाही. लॅटिन शब्दांच्या आघातांवर आणि श्वासावर चालणारी एक स्वररेषा आहे. पोप पहिला ग्रेगरी (कारकीर्द ५९०–६०४) याने ते रचले ही आख्यायिका; अभ्यासकांच्या मते त्याचे आजचे रूप आठव्या-नवव्या शतकांत, फ्रँक राजांच्या प्रदेशात, रोमन व स्थानिक गायनपरंपरांच्या मिश्रणातून घडले. पेपँ आणि शार्लमेन यांना आपल्या राज्यात उपासनेची एकरूपता हवी होती. म्हणजे ज्याला आपण निव्वळ ‘आध्यात्मिक’ म्हणू, त्याच्या जडणघडणीत राज्यकारभारही होता.

या गानाचे वर्गीकरण आठ ‘मोडां’त केले गेले. प्रत्येक मोडाला विसावण्याचा एक अंत्य स्वर, पठण ज्यावर फिरते असा एक प्रमुख स्वर आणि स्वरविस्ताराची एक मर्यादा. न्यास, अंश या संज्ञा ज्यांना परिचित आहेत त्यांना हे परके वाटणार नाही. मोड म्हणजे राग नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु गाणे आधी आणि शास्त्र नंतर हा क्रम दोन्हीकडे दिसतो. आठ मोडांच्या चौकटीत पुष्कळशी गाणी नंतर बसवली गेली आणि काही नीट बसली नाहीत. भातखंड्यांच्या दहा थाटांत काही राग अवघडून बसतात, त्याची येथे आठवण व्हावी.

मग ती प्रसिद्ध हार्मनी आली कोठून? नवव्या शतकाच्या उत्तरार्धातील ‘मुसिका एन्किरिआदिस’ या ग्रंथात ‘ऑर्गनम’ची रीत सांगितली आहे : मूळ गानाच्या रेषेबरोबर चौथ्या किंवा पाचव्या स्वराच्या अंतरावर दुसरा आवाज चालवायचा. ही रीत समोर गाता-गाता अमलात आणण्याची होती. कागदावर रचलेले संगीत ते नव्हे. म्हणून ‘लेखनामुळेच बहुरेषीय संगीत जन्मले’ हे दुसरे आवडते सूत्रही जपून वापरावे. जॉर्जियातील लोकगायनाची तीन आवाजांची परंपरा तर मौखिकच आहे.

लेखनाने काय केले ते वेगळे आहे. सातव्या शतकात सेव्हिलचा इसिदोर म्हणत होता की स्वर लिहिता येत नाहीत, स्मृतीने धरले नाहीत तर ते नष्ट होतात. नवव्या शतकात शब्दांच्या माथ्यावर ‘न्यूम’ नावाच्या खुणा आल्या. त्या आवाज चढतो की उतरतो एवढेच सांगत. गाणे ज्याला आधीच येते त्याच्यासाठीच त्या उपयोगी. इ. स. १०२५च्या सुमारास अरेत्सोच्या ग्विदोने रेषा आणि त्यांमधील जागा यांना निश्चित स्वर नेमून दिले, आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या एका स्तोत्रातील ओळींच्या आद्याक्षरांवरून ऊत्, रे, मी, फा, सोल, ला ही नावे रूढ केली. पूर्वी गायक तयार व्हायला दहा वर्षे लागत, आता एक-दोन वर्षे पुरतात, असा त्याचा दावा होता. ग्विदोने ही नावे आपल्या सारेगमवरून उचलली, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. नावांचे मूळ त्या स्तोत्रात उघड दिसत असताना या अभिमानाची गरज कोणाला? खरा दुवा हवाच असेल तर तो उलट दिशेचा आणि अधिक रोचक आहे : हीच सोल्फाची विद्या पुढे गोव्याच्या चर्चशाळांतून शिकवली गेली, आणि तेथील वादकांनी ती मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणली.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या नोत्र दामचे बांधकाम चालू असताना लेओनँ आणि पेरोतँ यांच्या नावाशी जोडलेले संगीत उभे राहिले. मूळ गानाचा एकेक स्वर खालचा आवाज दीर्घकाळ धरून ठेवतो (‘टेनर’ या शब्दाचा अर्थच ‘धरणारा’) आणि वर दुसरा, तिसरा, क्वचित चौथा आवाज विहरतो. षड्जावर स्थिर तानपुरा आणि वर गायक ही प्रतिमा मराठी श्रोत्याच्या मनात येईल. ती फार ताणू नये; कारण तानपुऱ्याचा षड्ज हलत नाही, टेनरचा स्वर मात्र गानानुसार बदलतो. अनेक आवाजांना एकत्र राखायचे तर काल मोजावा लागतो. म्हणून आधी सहा लयप्रकार आले, तेराव्या शतकात कोलोनच्या फ्रँकोने चिन्हाच्या आकारावरूनच स्वराचा कालावधी ठरवला आणि चौदाव्या शतकात ‘आर्स नोव्हा’ने दोनाच्या विभागणीला तिनाच्या बरोबरीचे स्थान दिले. हार्मनीच्या आधी तालाचा प्रश्न सुटावा लागला, हे आमच्या उत्तरपत्रिकांतील वाक्याला ठाऊकच नाही.

आणि हे सारे निर्विवादही घडले नाही. १३२४-२५च्या सुमारास पोप बाविसावा जॉन याने फर्मान काढून नव्या गायकांना फटकारले : स्वरांचे तुकडे होतात, मूळ गान झाकले जाते, भक्तीऐवजी कान सुखावतात. अंतर्मुख विरुद्ध बहिर्मुख हा वाद युरोपच्या पोटातच असा लढला गेला. त्याला आपण पूर्व-पश्चिमेचे लेबल लावले आहे.

यावर आक्षेप येईल की अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील युरोपीय संगीत पाहता हा भेद खरा नाही काय? तेवढ्यापुरता आहे, आणि आम्ही तो नाकारत नाही. पण तो सहाशे-सातशे वर्षांच्या निवडींचा परिणाम आहे. वंशाच्या वा आत्म्याच्या घडणीचा पुरावा नव्हे. ज्या तिसऱ्या स्वराच्या अंतरावर पुढची सारी हार्मनी उभी आहे, त्यालाच मध्ययुगीन शास्त्राने दीर्घकाळ अपूर्ण किंवा विसंवादी मानले होते. ‘प्रकृती’ इतकी बदलत असेल, तर तिला प्रकृती का म्हणावे?

साहित्याच्या शिक्षकांनी यात का पडावे, असेही कोणी विचारील. कारण हानी आमच्याच दारात आहे. त्रुबादूर कवींची सुमारे अडीच हजार गीते उरली. चाली उरल्या त्यांच्या साधारण दशांशाच्या. स्त्रीकवींपैकी तर एकट्या दियाच्या काउंटेसचे एकच गीत चालीसह हाती लागते. तरीही ‘भावगीताचा उगम’ शिकवताना आपण या गीतांना मूक पाठ्य म्हणून हाताळतो. ग्योम द माशो (मृत्यू १३७७) कवी आणि संगीतकार एकाच देहात होता. पुढच्याच पिढीतील देशाँने १३९२मध्ये काव्यशास्त्र लिहिताना मात्र दोन संगीते मानली : वाद्याचे-गळ्याचे ते ‘कृत्रिम’ आणि केवळ उच्चारलेल्या पद्याचे ते ‘नैसर्गिक’. कविता गाण्यापासून सुटी होताना येथे आपल्याला दिसते. आणि सुटतानाही ती स्वतःला संगीतच म्हणवते. छंदाच्या अभ्यासकाला याहून मोलाचे उदाहरण क्वचितच मिळेल.

मराठीत ओवी आणि अभंग अजून गायले जातात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरी जात्यावरच्या ओव्या म्हणणारी आजी होती, गावी भजनी मंडळ आहे. ज्या चालींसाठी युरोपचे अभ्यासक अस्पष्ट खुणा उलगडत आयुष्य घालवतात, त्या आमच्याकडे जिवंत असताना आम्ही वर्गात अक्षरगणना करून मोकळे होतो, आणि गेयतेच्या प्रश्नाला ‘आपले संगीत मेलडीप्रधान’ हे उत्तर देऊन पाच गुण पदरात पाडून घेतो. अभंगाच्या चरणात शब्द कोठे लांबतो, टाळ कोठे पडतो, ध्रुपद परतताना अर्थ कसा बदलतो, हे विचारलेच जात नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पुढच्या वर्षी गेयतेचा घटक शिकवताना ते वाक्य फळ्यावर लिहू नये. त्याऐवजी वर्गात आधी एक ग्रेगोरियन गान आणि एक अभंग ऐकवावा, आणि विद्यार्थ्यांना विचारावे : यात स्वर काय करतो, काल काय करतो, शब्द काय करतो? उत्तरे चुकतील, अडखळतील. पण ती ऐकून दिलेली असतील.