पहिलीपासून इंग्रजी, तरी मुलाखतीत गप्प का?

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. तरी नसरापूर भागातले अनेक पदवीधर शिरवळ किंवा पुण्यातल्या कंपनीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’लाच अडखळतात. कारण इंग्रजी वहीत लिहिली. तोंडाने बोललीच नाही. ‘तीस दिवसांत फाडफाड’वाल्या क्लासला पैसे भरण्याआधी रोज अर्धा तास काढावा. चेलाडी फाट्यावरून पुण्याला जाताना दहा मिनिटे इंग्रजी बातमी ऐकायची. घरी आल्यावर तीच आपल्या शब्दांत मोठ्याने सांगून मोबाइलवर रेकॉर्ड करायची. रविवारी सगळे ऐकून, अडलेली वाक्ये पुन्हा म्हणायची. व्याकरण चुकेल, चुकू द्यावे. घरचे हसत असतील तर बनेश्वरच्या झाडीत जाऊन बोलावे. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये. अर्धाच तास, पण त्याच वेळेला.